उपाशी जिवाणूंचं ताजं पाणी

प्रिय धाकट्या,

डोकं फिरलंय माझं. चार महिने झाले, प्रयोगशाळेतले माझे जिवाणू एकत्र यायला तयार नाहीत. पोट भरलेलं असलं की ही मंडळी आपापल्या वाटेने भटकतात. उपासमार झाली की अंगातून काहीतरी पाझरवतात, त्याच्या मागावर बाकीचे येतात आणि सगळे घट्ट गोळा होऊन बसतात. हे इतरांकडे हं! माझ्याकडचे उपाशी मरतील, पण शेजाऱ्याकडे बघणार नाहीत. प्रयोगशाळेचे सर रोज दारातून डोकावतात आणि मान हलवून निघून जातात, त्याने तर माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि घरी आई. ती अंथरुणाला खिळल्यापासून तिला उचलणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं माझ्याच गळ्यात. परवा भरवलेला घास तिने माझ्या अंगावर थुंकला आणि वर मी कोण म्हणून विचारलं. मी ओरडले रे तिच्यावर. मग न्हाणीघरात नळ सोडून रडत बसले.

आज सकाळी तिची चादर दोनदा बदलावी लागली, त्यात कामावर पोचायला उशीर झाला आणि जिवाणूंचं पाणी बदलायचं राहूनच गेलं. दुपारी सूक्ष्मदर्शकातून बघते तर काय, गोळेच गोळे! म्हणजे ते बिचारे पाझरवत होते, आणि मी स्वच्छतेच्या नादात सारखं ताजं पाणी घालून ते सगळं मोरीत ओतत होते. कपाळावर हात मारून घेतला. सर पहिल्यांदाच हसले. मला मात्र हसू येईना.

दर रविवारी तू फोनवर कसं चाललंय विचारतोस, आणि मी डोळे पुसून, आवाज नीट करून सगळं ठीक आहे म्हणते. तूही शहाणा, ते खरं धरून फोन ठेवतोस! एकदा तरी खोदून विचारायचंस. तुझाही राग येतो, माझाही येतो. काही ठीक नाही. मी थकलेय. एकटीने होत नाही आता.

काल संध्याकाळी आईने मला तुझ्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. कितीतरी दिवसांत ती एवढी खुलली नव्हती. माझा हात गालाशी धरून झोपली. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. फोनवर मी पुन्हा ठीकच म्हणाले असते, म्हणून हे लिहितेय. यापुढे तिने तुला हाक मारली, तर मी ओ देणार नाही. तू ये.

तुझीच, वैतागलेली
ताई