शेवटचा हप्ता खिशात आहे

क्रेडिट कार्डाची वसुली करणारे गुंडोराव यांस,
साष्टांग नमस्कार. कर्जदाराने उभं राहून बोलू नये.

पहिल्यांदा दारात आलात तेव्हा तुमच्या तोंडावरच मी माझ्या खोलीत राहणाऱ्या पुष्करला म्हणालो, "याला सांग, कुशल गावाला गेलाय. मद्रासी आहे, मराठी कुठलं कळायला!" तुम्ही शांतपणे चपला काढल्यात. "आम्ही तंजावरचे मराठी हो. कुशलराव येईपर्यंत बसतों. काप्पी आहे?"

मग दर रविवारी आलात. कार्ड कात्रीने कापलंत, मोटारसायकल विकायला लावलीत, कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामाला धाडलंत आणि माझ्या पगाराला झेपेल असा हप्ता तुमच्या साहेबाशी भांडून ठरवलात. वर घरच्या सांबाराचा डबा!

आता खरं सांगतो. शेवटच्या हप्त्याचे पैसे महिनाभर माझ्या खिशात आहेत. दर रविवारी मी तोंड पाडून "जमलं नाही" म्हणतो, तुम्ही तावातावाने झापता, मग मांडी घालून जेवणवेळेपर्यंत गप्पा मारता. चेन्नईत माझ्यावर मराठीत ओरडणारं दुसरं आहे कोण? उशिराचा दंड मी वर्गणी समजून भरेन.

हे पत्र धाडलं तर सोमवारीच पैसे घेऊन जाल, म्हणून ते उशीखालीच राहील. येत्या रविवारीही पैसे जमलेले नसतील. काप्पी तयार असेल.

तुमचा हक्काचा थकबाकीदार,
कुशल