मूठभर मीठ आणि बिस्किटाची व्हॅन

७ जानेवारी १९७३, रविवार
गाडी आली. बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याची डिझेल व्हॅन, लिलावातली. दहा वर्षं जुनी, पण बॉडी ठणठणीत. एका बाजूला 'कुरकुरीत' एवढीच अक्षरं उरलीत. अख्खा पेणकरपाडा बघायला जमला. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हे त्यातल्या एकालाही माहीत नसणार. मला माहीत आहे. वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये अकरा वर्षं काढलीत. कुठल्या नंबरचा पाना कोणी नेला आणि परत केला नाही, आजही तोंडपाठ आहे.

आम्ही मिठागरवाले. घरात नवी वस्तू आली की आपल्या आगरातलं मूठभर मीठ तिच्या काळजावर ठेवायचं आणि दर अमावास्येला बदलायचं, ही घरची रीत. आजोबांनी बैलगाडीच्या जुवावर ठेवलं, बापाने रेडिओवर ठेवलं. डिझेल गाडीचं काळीज म्हणजे बॅटरी. तिच्यावर दोन मुठी ठेवल्या.

संकल्प: मार्चमध्ये आमच्या मुलीची, सुलूची एस.एस.सी. आमच्या घराण्यात मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मी नववीत सोडली, पण त्याला कारणं होती. सेंटर ठाण्याला आलंय. सुलू आणि पाड्यातल्या आणखी चार मुली माझ्या गाडीतून जाणार. सगळ्यांसमोर शब्द दिला. शेवंती म्हणाली, आदी चालतं का तं बगा. लग्नाला वीस वर्षं झाली, या बाईने एकदाही उत्साह दाखवलेला नाही.

८ जानेवारी, सकाळी ७
सुरू होत नाही. सेल्फ मारला की 'टक्', मग कण्हणं, मग काही नाही. निदान: थंडी. डिझेलला थंडी बाधते.

दुपारी २
ऊन कडक. सुरू होत नाही. निदान मागे घेतलं.

१४ जानेवारी, संक्रांत
डिझेल भेसळीचं आहे. पंपवाल्याचं तोंड बघूनच शंका आली होती. टाकी रिकामी करून सगळं डिझेल धोतरातून गाळलं. धोतर नवं होतं. शेवंतीने तिळगूळ दिला, पण गोड बोलली नाही.

सात जणांनी ढकलल्यावर गाडी चालू झाली. म्हणजे इंजिन उत्तम आहे. ढकलणारे मात्र फार कुरकुरे.

२१ जानेवारी
पाइपात हवा शिरली असणार. नट सैल करून हवा काढायची असते. काढली. हवेच्या मागून डिझेल आलं, तेही बरंच. शेवंतीच्या वालाच्या वेलांवर गेलं. वेल तसेही किडके होते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर धरलाय. सुलूने विचारलं, बाबा, हे काय आहे? म्हटलं, मिठागरवाल्याच्या घरात मीठ दिसणारच. दाराच्या कडीवर आहे, सायकलवर आहे, तुझ्या आजोबांच्या भुवयांवर होतं. पोरगी विज्ञान शिकते म्हणे.

३ फेब्रुवारी, अमावास्या
नाइलाजाने बाळा मेकॅनिकला बोलावलं. काशिमीऱ्याच्या नाक्यावर गॅरेज टाकलंय त्याने. सही करताना जीभ बाहेर काढतो. गाडीचा आवाज न ऐकताच म्हणाला, काका, टर्मिनल साफ करा, करंट पोचत नाय. मी विचारलं, वर्कशॉपमध्ये किती वर्षं होतास? म्हणाला, वर्कशॉपमध्ये नाय, गॅरेजमध्ये. विषय संपला. तरी बॅटरी चार्जिंगला घेऊन गेला.

५ फेब्रुवारी
बाळाने बॅटरी आणून बसवली. पहिल्या सेल्फला चालू. त्याला वाटतंय चार्जिंगमुळे आणि टोकं गरम पाण्याने घासल्यामुळे. वाटू दे. लहान माणसाचा आनंद कशाला घालवा? खरं कारण धोतर. गाळलेलं डिझेल आत्ता कुठे इंजिनापर्यंत पोचलं.

जाताना टोकांना काळं ग्रीस फासून गेला. घाणेरडी सवय. पुसून काढलं आणि अमावास्येचं राहिलेलं मीठ ठेवलं. या खेपेला तीन मुठी.

१३ फेब्रुवारी
टक्.

२५ फेब्रुवारी, रविवार
महिपत आला होता. शेवंतीचा भाऊ, एसटीत कंडक्टर. जन्मभर दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत उभा राहिलेला माणूस. म्हणतो, भावोजी, सकाळी सहा वीसला नाक्यावरून माझीच गाडी ठाण्याला जाते, पोरींना जागा धरून ठेवतो. मी म्हटलं, घंटी वाजवणाऱ्याने इंजिनाविषयी बोलू नये. तो इंजिनाविषयी काही बोलला नव्हता, असं शेवंतीचं म्हणणं. त्याच्या बोलण्याचा रोख मला कळतो.

५ मार्च, अमावास्या
मीठ बदललं. आता थर इतका छान बसलाय की खालचं शिसं दिसत नाही.

११ मार्च, रविवार
उद्या पहिला पेपर. रंगीत तालीम घेतली. आठव्या सेल्फला चालू झाली. आठ म्हणजे काही फार नाहीत. मुलींना सांगितलं, सहाला हजर राहा. मागचा भाग बंद आहे, खिडकी नाही, पण बाकडी टाकलीत. सुलूने विचारलं, बाबा, नक्की ना? मी बाकडी पुन्हा एकदा हलवून बघितली. मग म्हटलं, नक्की.

१२ मार्च, सोमवार, संध्याकाळ
जसं घडलं तसं लिहितो.

साडेपाचला पहिला सेल्फ. टक्. सहाला पाची मुली हजर. टक्. मी गाडीखाली शिरलो. खालून मुलींच्या चपला दिसत होत्या. शेवंती वाकून म्हणाली, पोरी निंगल्या. मी म्हटलं, बसव त्यांना मागे, पाच मिनिटांत निघतो. थोड्या वेळाने मागचं दार आपटल्याचा आवाज आला. मी समजलो, बसल्या.

पाच मिनिटं म्हणता म्हणता साडेआठ झाले. शेवटी संतापून बॅटरीच्या टोकावर पाना हाणला आणि सेल्फ मारला. धडधडत चालू. पेपर अकराला. तसाच सुसाट निघालो. घोडबंदरपर्यंत मागे ओरडून मुलींना धीर दिला. पुढे ठाण्यापर्यंत माझं वर्कशॉपमधलं आयुष्य सांगितलं. कोणी मधे बोललं नाही. हल्ली मुली असं मन लावून ऐकत नाहीत, हेही वाटून गेलं.

शाळेच्या फाटकाशी मुद्दाम दोनदा हॉर्न दिला. पालक वळून बघायला लागले. उतरलो, मागचं दार उघडलं. आत शेवंतीची कोंबडी होती.

पाची मुली फाटकाजवळच्या चिंचेखाली वाचत बसल्या होत्या. आठ वाजल्यापासून. सुलू उठून आली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, मी सहा दहापर्यंत थांबले होते. लाज वाटली. हे इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही.

पेपर सुटल्यावर गाडी पुन्हा टक्. मुलींनी कंपासपेट्या कोंबडीपाशी ठेवल्या आणि ढकललं. चालू झाली. थांबलो असतो तर बंद पडली असती, म्हणून थांबलो नाही. आरशात पाहिलं, पाची जणी रस्त्यात उभ्या होत्या. त्या महिपतच्या गाडीने आल्या. कंपासपेट्या मात्र माझ्याबरोबर त्यांच्याही मागून पोचल्या, कारण घोडबंदरला गाडी बंद पडली आणि एका ट्रकच्या मागे दोराने बांधून आणावी लागली.

१५ मार्च
सुलू म्हणाली, बाबा, उद्या शेवटच्या पेपरला, विज्ञानाला, तुम्ही पण एसटीनेच चला. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, असंच. महिपतने मला खिडकीची जागा धरली आहे. ड्रायव्हर कसा चालवतो ते बघता येईल.

१६ मार्च, शुक्रवार
ड्रायव्हर बरा चालवतो.

सुलू पेपरातून हसत बाहेर आली. प्रश्न होता: बॅटरीच्या टोकांवर क्षार साचल्यास विद्युतप्रवाहावर काय परिणाम होतो, उदाहरणासह लिहा. मार्क चार. तिने अख्खं पान लिहिलं. म्हटलं, उदाहरण कसलं दिलंस? तर खाली बघून म्हणाली, आपल्या गाडीचं. मिठासकट.

पाची मुली आणि मी एसटीत बसलो. महिपत घंटी वाजवत होता.

१७ मार्च, शनिवार, दुपार
सगळे जेवून आडवे झाल्यावर बॅटरीवरचं मीठ काढलं. टोकं गरम पाण्याने घासली, बाळासारखीच. सेल्फ मारला. पहिल्या सेल्फला चालू.

लगेच बंद केली. कोणाला सांगणार नव्हतो. पण आवाज अख्ख्या पाड्याने ऐकला. शेवंती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, पेपर संपलं.