मुतब्बक आणि तुझे मांडे

खराडी, पुणे
१२ मार्च २००६

प्रिय आई,
तुला आणि बाबांना जयभीम.

मी मजेत आहे. डब्यात रोज तीच भाजी असते, पण संपवते. मी वाळलेय असं बाबा म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस.

आज सुट्टी, म्हणून ऑफिसातल्या नसरीनने मुतब्बक करायला घरी बोलावलं. तिचे अब्बा जेद्दाला नोकरीला होते, तिथला हा पदार्थ. मैद्याची आरपार दिसेल इतकी पातळ पोळी, आत खिमा, अंडं आणि कांद्याची पात. चौकोनी घडी घालून तव्यावर तेलात खरपूस भाजायची.

मी सवयीने लाटणं मागितलं. नसरीन म्हणाली, "अगं, लाटायची नाही, हाताने ताणायची." तिच्याच दोन फाटल्या. मग मी गोळा तेलात थापला, उचलला आणि मनगटांवर झुलवत वाढवला, खापरावर टाकायच्या आधी तू मांडे वाढवतेस तसा. एकही फाटला नाही!

"कुठे शिकलीस?" तिने विचारलं. "आईकडे," मी म्हणाले खरी. तू तर मला खापराजवळ फिरकूही दिलं नाहीस. "तू पुस्तक घेऊन बस," म्हणायचीस.

खांद्यामुळे तू यंदा मांडे केलेच नाहीस, हे बाबांकडून कळलं. मला का नाही सांगितलंस? डॉक्टरांना दाखवलंस का?

चौदा एप्रिलला भुसावळला येतेय. मांडे मी करीन. तू शेजारी पुस्तक घेऊन बस. नाही वाचलंस तरी चालेल. मी तरी कुठे वाचत होते?

तुझी,
चैताली