चौथा सड

१४ ऑगस्ट १९६१
कवडू गवळी एकदाचा हो म्हणाला! उद्यापासून पावशेर दूध जास्त. तापात माझं दूध आटलं ते आटलंच, आणि नलू अजून दोन महिन्यांचीसुद्धा नाही. तो डोकं खाजवत होता – इथं रिसालीत गाई किती, आणि कारखान्यासाठी आलेली माणसं किती. मी म्हटलं, ते मला सांगू नकोस, कुठूनही आण. पाण्याचा थेंब नको, बस्स.

२६ ऑगस्ट
नलूचे गाल भरले. हे तर तिला खाली ठेवत नाहीत.

३ सप्टेंबर
डोकं भणाणलंय नुसतं. कवडू दारात गाय आणून आपल्या डोळ्यांदेखत दूध काढतो. गाईमागून येणाऱ्या तिच्या कालवडीकडे मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. पान्हा फुटावा म्हणून तिला आईपुढे उभी करायची, आणि तोंडाला मुसकं! आज मुसकं सुटताच तिनं दोरीवरचं नलूचं दुपटं ओढलं आणि चोखत चोखत निम्मं गिळलं. मी धावले. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली आहे. नलूपेक्षा आठच दिवसांनी मोठी! कवडूला विचारलं तर म्हणे, दूध तोडलं, आता चाऱ्यावर टाकली. मेल्याला काही काळीज?

८ सप्टेंबर
तिच्यापुढे घमेल्यात कोंडा ठेवला. हुंगून सोडला, आणि जाऊन सार्वजनिक नळाची तोटी चोखत बसली. कोरडी तोटी! मग सिमेंटच्या पोत्याचा कागद चघळला. शेजारच्या मनकर्णाबाईंची कालवड हिच्याच वयाची, पण अजून आईला पिते. ती चारा निवडून खाते, संध्याकाळी एकटी घरी येते. ही खुंट्याभोवती फिरून गळ्याचा दोर आवळून घेते, उलटं फिरायचं तिला सुचत नाही. बाया हसतात, येडी म्हणतात. येडी केली कुणी, ते नाही विचारत!

११ सप्टेंबर
ह्यांना भेटायला गुरांचे डॉक्टर पंजाबराव आले होते. मी चहा देता देता विचारलंच. म्हणाले, "वहिनी, आईचं दूध फार लवकर तोडलं की वासरू खायला शिकत नाही, नुसतं चोखत राहतं. डोकंही मागं पडतं. मग कितीही चारा घाला." ते गेल्यावर हे म्हणतात कसे, "शीला, गवळ्याच्या गोठ्याची पंचाईत तुला कशाला?" कशाला म्हणजे?

१२ सप्टेंबर
उद्या कवडूची खैर नाही.

१३ सप्टेंबर
सगळं सुनावलं. म्हटलं, आमच्या तुमसरला बाबा दूध काढताना गाईच्या कासेच्या चौथ्या सडाला हात लावू देत नसत. तो वासराचा. तुला लाज कशी नाही?

कवडू खालीच पाहत होता. "मी बी सोडतच होतो बाई. तीन सडाचं गिऱ्हाइकाले, चौथा वासराले. तुमीच त म्हनलं होतं, कुठून बी आन म्हून."

आत नलू रडत होती. मी पातेलं पुढे केलं.