निलगिरीखालची बिननावाची बुरशी

मी, खाली सही करणारी, या घराची एकटी मालकीण, व्यवसायाने भूमिगत बुरशींची अभ्यासक, आता निवृत्त, गल्लीतल्या पोरांच्या तोंडी ‘खोदकाकू’, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. फुप्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं आहे आणि मी ते मुकाट ऐकून घेतलं आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात हे घर मी पुतण्याला दिलं होतं. ते मृत्युपत्र रद्द समजावं. का, ते पुढे येईल. पुतण्याने कृपया शेवटपर्यंत वाचावं, मध्येच आईला फोन लावू नये.

वकीलबाई म्हणतात, आधी मालमत्तेचं वर्णन हवं. तर माझी सर्वांत मोलाची मालमत्ता मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडे, निलगिरीच्या मुळांशी, वीतभर मातीखाली आहे. सोनं नाही. ती एक बुरशी आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तिला अजून कोणीही नाव दिलेलं नाही.

कलम १. बुरशीविषयी.

भूछत्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ही त्याचीच भाऊबंद, पण जमिनीवर कधी येत नाही. सुपारीएवढी गाठ, मातीत जन्मते, मातीतच पिकते. भूछत्राचं बी वारा नेतो. हिला वारा लागतच नाही, म्हणून पिकली की ती वास सोडते. त्या वासावर उंदीर येतात, उकरतात, खातात आणि पोटातून तिचं बी दुसरीकडे नेतात. तिचे धागे झाडाच्या मुळांना गुंडाळलेले असतात. धागे झाडाला पाणी शोधून देतात, झाड त्यांना साखर देतं. हा व्यवहार आपल्या पायांखाली अखंड चालू आहे आणि आपण वर कपडे वाळत घालतो.

अशा बुरशींसाठी मी उभा जन्म जंगलं पालथी घातली. जळवा अंगावर घेतल्या, दोनदा वाट चुकले. आणि ही मला सापडली ती खाली पडलेला कपड्यांचा चिमटा उचलायला वाकले तेव्हा, उंदराने उकरलेल्या खड्ड्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. बाहेरून ती मातीच्या ढेकळासारखी होती, उचलून फेकून द्यावी अशी. पात्याने मधोमध कापली. आत पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या इवल्या इवल्या खोल्या होत्या, एकीतून दुसरीत वळणं घेत गेलेल्या, आणि मी बघत असतानाच त्या भिंती जांभळ्या व्हायला लागल्या. मी अंगणात फतकल मारून बसले आणि रडले. दुःख कसलंच नव्हतं. एवढं देखणं काम अंधारात चाललंय, कोणी बघावं म्हणून नाही, आणि कोणी बघितलं नाही म्हणून त्यात तसूभर कसर नाही, हे पाहून माझ्याने राहवलं नाही. मग मायक्रोस्कोपखाली तिचे बीजाणू पाहिले. प्रत्येकावर जाळीदार नक्षी होती. तशी नक्षी मी याआधी पाहिलेली नाही, आणि मी पुष्कळ पाहिलं आहे.

कलम २. जे अपुरं आहे त्याविषयी.

नवी बुरशी नुसती सापडून भागत नाही. तिचं वर्णन लिहावं लागतं, वाळवलेला नमुना संग्रहात ठेवावा लागतो, तेव्हा ती जगाच्या दफ्तरी येते. आकार, रंग, बीजाणू, सगळं मी लिहिलं आहे. वासाची ओळ कोरी आहे. वास ताज्या कापावरच घ्यायचा असतो, वाळल्यावर तो उरत नाही. आणि मागच्या मोठ्या आजारात माझं वास घेणंच गेलं. नाक आहे, चष्मा टेकवण्यापुरतं. ही बुरशी जन्मात एकच गोष्ट बोलते, आणि नेमकी तीच मला ऐकू येत नाही. याचं मला फार, फार वाईट वाटतं.

मी इतरांना विचारून पाहिलं. शेजारचे शिंपी म्हणाले, इस्त्रीखाली करपलेल्या लोकरीसारखा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या खोलीसारखा. वकीलबाईंना जुन्या फायली आठवल्या. पुतण्याने श्वास रोखून धरला आणि म्हणाला, “काकू, मस्त आहे.” ज्याने त्याने आपापलं दुकान हुंगलं. अशी वाक्यं वर्णनात घातली तर पुढचा माणूस ती बुरशी कुठल्या शिंप्याच्या दुकानात शोधणार?

कलम ३. नणंदेविषयी.

असं नाक एकाच बाईला आहे, आणि ती माझी नणंद. आधी ती माझी वर्गमैत्रीण. तिच्या घरी अभ्यासाला जाता जाता तिचा भाऊ माझ्या पदरात पडला. दोघी एकाच धंद्यात. दारातून आत येता येता ही बाई सांगायची की दूध संध्याकाळपर्यंत नासणार आहे, आणि ते नासायचं. तिने लिहिलेल्या वासाच्या ओळी वाचून मी तिने पाहिलेल्या बुरशी रानात ओळखल्या आहेत.

माझा नवरा गेला त्या वर्षी मी एका नव्या बुरशीला त्याचं नाव दिलं. माझ्यासाठी ते त्याचं स्मारक होतं. परिषदेत नणंद भरल्या सभेत उभी राहिली. एरवी मला नावाने हाक मारणारी, त्या दिवशी म्हणाली, “वहिनी, ही नवी नाही. ही जुनीच आहे,” आणि पडद्यावर पुरावे मांडले. शास्त्रात पहिलं नाव टिकतं, नंतरचं गळतं. माझ्या नवऱ्याचं नाव त्याच्या सख्ख्या बहिणीने खोडलं. परतताना जिन्यात मी तिला म्हटलं, “तुला भाऊ नव्हता का गं?” ती म्हणाली, “होता. म्हणूनच खोटं त्याच्या नावावर ठेवलं नाही.” त्यानंतर आम्ही बोललो नाही. कार्यप्रसंगी समोरासमोर आलो तर मध्ये कोणाला तरी उभं करायचो.

तो राग मी नीट जपला, लोणच्यासारखा. पण ही बुरशी हाती आल्यावर कोणावर भरवसा ठेवावा याचा विचार केला, तेव्हा डोळ्यांसमोर दुसरं माणूसच येईना. जी सख्ख्या भावासाठी एक ओळ वाकवत नाही, ती माझ्यासाठी कशी वाकवेल? मला तीच हवी आहे.

कलम ४. घर आणि झाड.

म्हणून हे घर, अंगणासह, निलगिरीसह, मी माझ्या नणंदेला देते. पुतण्याचं मन मोठं आहे, पण त्याला गाडी लावायला जागाही मोठी हवी आहे. “काकू, मुळं भिंतीत शिरतायत. एक दिवस घर खाली येईल,” असं तो म्हणतो. येऊ दे. घर पुन्हा बांधता येतं. या बुरशीचं आजवर सापडलेलं सगळं कूळ या एका झाडाच्या मुळांवर आहे. झाड गेलं की ती गेली, नाव मिळायच्या आधीच, आणि गेली हे कळायलाही कोणी नाही. झाड तोडू नये, अंगणात फरशी घालू नये, आणि हौसेने खत तर मुळीच घालू नये.

नणंदेने तपासून ही बुरशी जुनीच ठरवली, तरी घर तिचंच राहील. नवी ठरली तर नाव तिने द्यावं. माझं देऊ नये. भावाचंही नको, बुरशींच्या एकाच घराण्यात एकदा गळलेलं नाव दुसऱ्या बुरशीला लावता येत नाही, नियम आहे, आणि नियम तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

कलम ५. बाकीचं.

मायक्रोस्कोप, पाती आणि नमुने वाळवायचं कपाट नणंदेला. बँकेतली ठेव आणि बैठकीतलं सगळं सामान पुतण्याला. त्याने रुसू नये, तो माझा लाडकाच आहे. शिंप्यांना माझी सगळी पुस्तकं, कारण माझं बोलणं कंटाळा न दाखवता त्यांनीच ऐकलं. माजी विभागप्रमुखांनी माझ्या नमुन्यांच्या कपाटात आपले भिजलेले बूट वाळवले होते. त्यांना मी माझे जंगलातले बूट देते, न धुता.

माझ्या देहाचं लोकांना जे सोयीचं वाटेल ते करावं. फक्त माझी राख भावनेच्या भरात त्या झाडाखाली आणून टाकू नये. राखेने माती बिघडते. माझ्यावर प्रेम असेल तर मला लांब ठेवा.

कलम ६. सही करण्यापूर्वी वाढवलेलं.

घर घेणाऱ्याची संमती कायद्याला लागत नाही. मला लागते. म्हणून आज वकीलबाईंना नणंदेला फोन करायला लावलं आणि आधी कलम ४, मग कलम १ वाचून दाखवायला सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसले होते. घराबद्दल तिने एक प्रश्न केला नाही. बुरशीचं ऐकून मात्र लगेच विचारलं, “कापल्यावर रंग कुठून बदलतो? मधून की कडेने?” वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “कडेने.” माझा आवाज तिला ऐकू गेला असणार.

मग ती म्हणाली, “ही मला माहीत नाही.”

या बाईच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. पुढे ती म्हणाली, “पुन्हा कधी उगवेल?” मी म्हटलं, “गारवा पडल्यावर.” तर म्हणाली, “मग तोवर थांब. मी येते. तू काप, मी वास घेते.” मी विचारलं, “आणि नाही थांबले तर?” ती म्हणाली, “थांब म्हटलं ना.”

तेव्हा वरील सर्व कलमं कायम आहेत. त्यांचा अंमल जरा उशिरा झाला तर माझी हरकत नाही.

सही: या घराची मालकीण

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपी. सही माझ्यासमोर झाली. हात थरथरत नव्हता.

साक्षीदार दुसरे: घरचे डॉक्टर. लिहिणारीचं मन शाबूत असल्याची मी खात्री केली आहे. गारव्याला अजून अवकाश आहे. मी प्रयत्न करतो.

स्थळ: राहतं घर, मागचं अंगण.
दिनांक: उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा.