आरोहीच्या आईचं नाव

म्हसरूळ, नाशिक
९ मार्च २०२५

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. वरचा पत्ता वाचून गोंधळू नकोस. पत्ता बदललाय, आणि का बदलला ते सांगायलाच हे पत्र आहे. पण आधी खुशाली लिहिते, नाहीतर म्हणशील, तृप्तीला पत्राचीही रीत नाही.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. तेल लावून देते म्हटलं की नको म्हणते आणि जिना चढताना देवाचं नाव घेते. पंचवटीत ऊन तापायला लागलंय, भाजीबाजारात कैऱ्या आल्या. पिंपळगावच्या रस्त्यावर द्राक्षांच्या टेम्पोंनी नुसता वैताग आणलाय. आरोही चौथीत असेल ना आता? मी शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि ती कुणाशी हसायला तयार नव्हती. आता हसते का?

तुझ्या सिन्नरच्या शाळेचा पत्ता मला कुणी दिला ते विचारू नकोस, मी शब्द दिलाय. फोन नंबर बदललास त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी असते तर मीही बदलला असता. कोर्टाच्या आवारात तू म्हणाली होतीस, आता मला वहिनी म्हणू नकोस. ते मी तेव्हा ऐकून घेतलं होतं. मानलेलं नाही, हे वर पहिल्याच ओळीत तुला दिसलं असेल.

आता मुद्द्याचं. दवंगे परिवाराची स्मरणिका अखेर निघतेय. पाडव्याला पिंपळगावला मेळावा आहे, तिथे प्रकाशन. शेखरकाका अध्यक्ष, म्हणजे हार त्यांच्या गळ्यात आणि टायपिंग माझ्या गळ्यात. तुला आठवतं ना, पिंपळगाव शाखेची सगळी माहिती तू गोळा केली होतीस? आरोहीला कडेवर घेऊन दवंग्यांच्या वस्त्या पालथ्या घातल्यास. कोण कुणाचा चुलता, कोणाची लेक कुठे दिलीय, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारलंस. दवंग्यांना स्वतःला माहीत नव्हतं ते तू सून होऊन शोधलंस. ते सगळं माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर जपून ठेवलंय. एकेका शाखेची एक फाइल, फोटोखालच्या ओळींची वेगळी, लेखांच्या वेगळ्या.

गेल्या महिन्यात काका दुकानात आले आणि म्हणाले, स्मरणिकेत एक नाव सगळीकडे बदलायचंय.

तुला माझ्या धंद्यातलं थोडं माहीत आहे, तरी सांगते. एका चौकटीत जुनं नाव लिहायचं, दुसरीत नवं, फोल्डर दाखवायचा आणि बटण दाबायचं. फोल्डरमध्ये कितीही फायली असोत, सगळ्यांत एकदम बदल होतो आणि खाली आकडा येतो, इतक्या ठिकाणी बदललं म्हणून. फार सोयीचं आहे. फक्त ते मशीन अर्थ बघत नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी तो केटरर आहे ना, त्याने एकदा मेन्यूच्या सगळ्या फायलींत बासुंदीच्या जागी श्रीखंड करून घेतलं. घाईत मी वाचलं नाही, आणि पत्रकावर छापून आलं, ‘तासन् तास दूध आटवून केलेलं अस्सल श्रीखंड’. त्याची बायको पत्रक घेऊन आली आणि माझ्यासमोर पोट धरून हसली. तेव्हापासून मी बटण दाबण्याआधी एकेक जागा डोळ्यांखालून घालते.

काकांना बदलायचं होतं ते नाव तुझं.

हे लिहून मी उठले, चहा केला, परत बसले. आता जे सांगायचं ते सांगूनच टाकते. दादाचं लग्न झालं. जानेवारीत, घरच्या घरी, मोजक्या माणसांत. मुलगी सटाण्याकडची आहे, नाव संजना. तुला हे कुणाकडून तरी कळलंच असेल, तरी माझ्या तोंडून कळायला हवं होतं, आणि दोन महिने मी टाळलं. तुझ्या जागी संजना, सगळ्या फायलींत, हे काम मला सांगितलं होतं.

आणि वर काका आले असं लिहिलं, तेही खरं नाही. काकांनी फोन केला होता एवढंच. आला होता तो दादा. तुला काकांचा राग आला तर चालेल, दादाचा आणखी यायला नको, असं माझ्या मनात आलं होतं. आता वाटतं, मी कशाला त्याला झाकू? आला, समोरच्या स्टुलावर बसला, कीबोर्डकडे बघत बोलत राहिला. माझ्या डोळ्यांना डोळा भिडवला नाही. म्हणाला, संजना नवी आहे, तिने पुस्तक उघडलं की पानोपानी पल्लवी दिसायला नको. मी म्हटलं, तुझ्या लग्नाची नोंद मी करतेच आहे, संजनाचं नाव येणारच आहे. पण पिंपळगावला घरोघर फिरली ती संजना नव्हती. आईच्या ऑपरेशनला दवाखान्यात उशाशी बसली तीही संजना नव्हती. आणि आरोहीच्या नावापुढे आई म्हणून तू कुणाला लिहिणार?

तो म्हणाला, “एवढं वाचतंय कोण? एकदम सगळीकडे बदलतं ना तुझं ते? मग बदल की.”

मी म्हटलं, “दादा, तू बायको बदललीस. बाळंतपण कसं बदलशील?”

तो उठून गेला. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या शुक्रवारी मी लग्नपत्रिका पोचवायला पिंपळगावला गेले होते. दुकान घराच्या खालच्याच खोलीत, किल्ली खिळ्याला, मशीन चालूच. दादा बसला आणि त्याने स्वतःच केलं. इतकी वर्षं येता-जाता माझ्या पाठीशी उभं राहून बघितलंय त्याने, त्याला जमलं. मी परत आले तर पडद्यावर आकडा तसाच होता आणि प्रिंटर गरम. त्याने पानं काढून नेली होती. संजनाला दाखवायला, अगदी हौसेने.

गंमत ऐक. आपल्या जुन्या लेखांच्या फायली जुन्या फाँटमधल्या आहेत. पडद्यावर पल्लवी दिसतं, पण मशीनच्या पोटात ती अक्षरं वेगळीच असतात, त्यामुळे त्याचा शोध तिथे पोचलाच नाही. म्हणजे लेखांमध्ये तू राहिलीस आणि शाखेच्या फाइलीतून गेलीस. आईच्या ऑपरेशनची आठवण तुझी, आणि आरोही मात्र संजनाची. मी पडद्यावर ती पानं चाळली आणि मला हसू आलं, मग संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर अर्धंच उघडलं होतं, तेवढ्यात खालून वाकून संजना आत आली. हातात तीच पानं. या मुलीला वहिनी म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि तिला ते समजतं, तिनेच पहिल्या आठवड्यात सांगितलं की मला नावाने हाक मारा. तिने फोटोंचं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. आरोहीचं बारसं. मोरपिशी साडीत तू, मांडीवर आरोही, तुझा चेहरा लख्ख दिसतोय, आणि खाली ओळ, ‘चि. आरोही, आई सौ. संजना दिनेश दवंगे यांच्यासह’.

ती घरात आमच्यासारखं शुद्ध बोलायचा प्रयत्न करते. त्या दिवशी तिचं ते भान सुटलं. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, “हाई पोर मन्ही नही शे, ताई. मन्हं नाव तठून काढी टाका.”

ही पोर माझी नाही, माझं नाव तिथून काढून टाका. मग हळूच म्हणाली, हा फोटो निघाला तेव्हा मी सटाण्याला अकरावीत होते. उद्या मला मूल झालं आणि कुणी माझं नाव असंच पुसलं, तर मी काय करायचं? दादाला हे तू सांगितलंस का, असं मी विचारलं. म्हणाली, रात्रीच सांगितलं, ते पाठ फिरवून झोपले.

वहिनी, तिच्यावर रागावायचं मी मनात पक्कं ठरवून ठेवलं होतं. तो बेत फसला.

काम हातात घेतलं की आधी त्याची प्रत वेगळी ठेवायची, ही सवय मला तूच लावलीस. रबरी शिक्क्यांच्या ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह होता. तो लावला, सगळं मूळ जागी आणलं, आणि मग पिंपळगावच्या फाइलीत हाताने, बटणाने नाही, एक ओळ घातली. ‘दिनेश: प्रथम विवाह पल्लवी, कन्या आरोही, द्वितीय विवाह संजना.’ संजना शेजारी उभी राहून वाचत होती. तिने मान हलवली. फायली छापखान्यात पाठवल्या, आणि पाठवल्याचं काकांना मीच फोन करून सांगितलं.

काका म्हणाले, बाईमाणसाने घरातलं चव्हाट्यावर मांडू नये. मी म्हटलं, चव्हाट्यावर नाही काका, घरातलं घरच्यांच्याच पुस्तकात मांडलंय. ते म्हणाले, काम दुसऱ्या कुणाकडे देतो. द्या म्हटलं. पाडवा तोंडावर आलाय, आणि आपल्या जुन्या फाँटच्या फायली दुसऱ्याच्या मशीनवर उघडल्या तर नुसत्या चौकोनी खुणा दिसतात. दोन दिवसांनी काकांचा फोन आला, मुखपृष्ठावर त्यांचा फोटो जरा मोठा घेता येईल का म्हणून. घेतला. तेवढं मी बिनतक्रार करते.

दादाने फोटो मोठा मागितला नाही. तो म्हणाला, माझ्या जागेत राहून माझ्याच तोंडाला काळं फासणार असशील, तर दुकान दुसरीकडे बघ. आई जिन्यात उभी होती. मला वाटलं, नेहमीसारखी गप्प राहील. ती म्हणाली, “दिनू, त्या पोरीच्या डोक्यावर टोपरं मी बांधलंय. ती कुणाच्या मांडीवर होती, ते मला शिकवू नकोस.” आईला मुलाविरुद्ध बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पण ती माझ्याबरोबर आली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. संजना त्या घरात नवी आहे, तिच्याजवळ कुणीतरी हवं.

तर असा हा म्हसरूळचा पत्ता. पुढे गाळा, मागे एक खोली. टेम्पोवाल्याने प्रिंटर उतरवताना त्याचा एक कोपरा फोडला, पण चालतोय. पहिलं गिऱ्हाईक कोण आलं असेल? तोच श्रीखंडवाला केटरर. म्हणाला, ताई, माझ्या चुका शोधणारं दुसरं कुणी मिळत नाही. मी मजेत आहे, असं लिहिणार होते, पण तुला खोटं लिहून उपयोग नाही. पंचवटीतला गोंगाट नसल्याने पहिले दिवस जड गेले. पश्चात्ताप मात्र झालेला नाही, आणि दादाची माफी मी मागणार नाही.

आता एक गोष्ट उरली, आणि ती लिहिताना मी जरा ओशाळलेय. तुझ्या नावावरून मी सगळ्यांशी भांडले, पण तुला कुणीच विचारलं नाही. दादाने नाही, काकांनी नाही, मीही नाही. दवंग्यांच्या पुस्तकात ‘प्रथम विवाह’ म्हणून यायची तुझी इच्छा आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून ते एक पान मी छापखान्यात थांबवून ठेवलंय. तू शनिवारपर्यंत सांग. त्या ओळीतून तुला जायचं असेल तर मी स्वतः काढीन, का म्हणूनही विचारणार नाही. दादाच्या सांगण्यावरून मी तुला काढलं नाही, आणि तू स्वतः जाते म्हणालीस तर अडवून ठेवणार नाही.

पण दोन जागांना मी हात लावणार नाही. पिंपळगाव शाखेच्या पानावर ‘संकलन: पल्लवी’ असं आहे ते, आणि आरोहीच्या नावापुढे आई म्हणून तू आहेस ते. तिथूनही काढ म्हणालीस तर त्यावर भांडायला तुला इथे यावं लागेल. गाळ्यात बसायला दोन स्टुलं आहेत.

पाडव्याला मेळाव्यात प्रत्येक शाखेची मुलं नावाने पुकारतात, आणि नाव आलं की मूल जागेवर उभं राहतं. आईचंही नाव त्याच्यासोबत वाचतात, ही पद्धत तूच काकांच्या मागे लागून सुरू करवलीस. यंदा यादी वाचायला मी उभी राहणार आहे. मीच मागून घेतलंय. सिन्नरहून पिंपळगाव काही फार लांब नाही, पण तुम्ही या असं मी म्हणत नाही. त्या मांडवात पाय ठेवणं तुला किती जड जाईल, ते मला कळतं. तिथे कुणी उभं राहिलं नाही तरी मी नाव वाचीन, आरोही, आई पल्लवी, आणि पुढचं नाव घेण्याआधी कुणी उठून उभं राहील एवढा वेळ थांबेन. समोर दादा बसलेला असला तरी थांबेन.

आरोहीला माझा पापा. तिला सांग, आत्याकडे तिच्या बारशाचा फोटो आहे आणि त्याखाली बरोबर नाव आहे.

कुणी कितीही शोधलं नि बदललं, तरी तुझी नणंदच,
तृप्ती