कोणाच्याच हाताला

२ नोव्हेंबर
आले एकदाची. एसटीत पाठीचं भरीत झालं, पण मन बरं आहे. मालवणजवळची ही वाडी, बर्फाच्या कारखान्यात हिशेबाचं काम आणि आबा-विमलाताईंच्या घरातली मागची खोली. खोलीला मोठी खिडकी आहे, उघडली की माड आणि माडांमागे समुद्र. विमलाताईंनी बांगड्याचं तिखलं वाढलं आणि मीठ बरोबर आहे का म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. मला असं कोणी विचारून वर्षं झाली. पुण्याहून रियाचा फोन आला. आई, आता तरी नीट झोप, म्हणाली. झोपणार आहे. घटस्फोट, घराची विक्री, वकील, सगळ्यांनी मिळून मला पिळून वाळत घातलं आहे.

५ नोव्हेंबर
घर विकून आलेलं सगळं क्रिप्टोत आहे, आणि ते क्रिप्टो गप्पांच्या ॲपमधल्या पाकिटात. ज्या ॲपवर लोक सकाळी उठून गुलाबाची फुलं पाठवतात, त्यातच माझ्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण. रियाच्या मामाने ही गोडी लावली आणि स्वतः कॅनडाला निघून गेला.
पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन गेला तरी ते शब्द घातले की पैसे परत मिळतात, आणि ते दुसऱ्याला कळले की पैसे त्याचे. म्हणून कुठे लिहिले नाहीत, इथेही लिहिणार नाही. मराठीत करून पाठ केलेत. साधे, घरातलेच शब्द आहेत. मराठी काही माणूस विसरत नाही. रोज दिवेलागणीला पडवीत बसून पुटपुटते. आबांना वाटतं मी स्तोत्र म्हणते.

९ नोव्हेंबर
ॲपवर कोणीतरी सुरक्षा विभागाच्या नावाने शब्द मागत होता. ब्लॉक केला, पण दिवसभर फोन उघडून पैसे आहेत ना ते पाहत राहिले. विमलाताईंनी खोदून विचारलं, तेव्हा सांगून टाकलं की पैसे आहेत, शब्दांत आहेत आणि मला भीती वाटते. त्या म्हणाल्या, "ह्येंका सांगतंय, राखणेक गाराणा घालतले." वाडीच्या सीमेवरच्या राखणदार देवाला वर्षाचा नारळ-कोंबडा देतात ती राखण, आणि तेव्हा त्याच्यापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. मला हसू आलं. पण बरंही वाटलं, खोटं का बोलू.

१६ नोव्हेंबर
आज राखण झाली. वडाखालचा दगड, नारळ, कोंबडा, सगळी वाडी जमलेली. आबांचा एक नेम आहे. गाऱ्हाण्यात वस्तू नावानिशी सांगायची, गाय रंगावरून, शेत बांधावरून. मोघम सांगितलं तर राखणदार राखणार काय? एकेकाचं सांगत ते माझ्या नावापर्यंत आले. "ह्या भक्तीचा जा काय धन आसा, ता कोणाच्याच हाताक लागाक दिव नको रे म्हाराजा!" आणि पुढे खणखणीत आवाजात माझे बाराच्या बारा शब्द. ओळीने. सगळ्या वाडीने "होय म्हाराजा" म्हटलं. आबांचा पुतण्या मंगेश मोबाईलवर चित्रण करत होता, त्याने तिथल्या तिथे ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं.
पडवीतलं ऐकून ऐकून आबांचं पाठ झालं होतं. कौतुकाने म्हणाले, "सगळा सांगलंय गो, एकय इसारलंय नाय."

१७ नोव्हेंबर
काल घाबरून मूर्खपणा केला. कोणी आत शिरू नये म्हणून ॲपमध्ये सगळ्या फोनमधून बाहेर पडायचं बटण दाबलं. त्यात माझाही फोन गेला. आता आत जायला बारा शब्द हवेत. अकरा आठवले. एक आठवेना. दमले आहे, म्हणून असेल. आबांना विचारलं, तर देवाच्या हवाली केलेलं पुन्हा उच्चारायचं नसतं म्हणाले.
मंगेशला चित्रण लावायला सांगितलं. त्या जागी आबांचं तोंड हलतं आहे, आवाज नाही. लगेच पुढे "होय म्हाराजा" स्वच्छ ऐकू येतं. माइकची गडबड, असं मंगेशचं म्हणणं.

१९ नोव्हेंबर
आमटी अळणी होती. विमलाताईंकडे मागायला गेले ते— ते पांढरं, चिमटीने घालतात ते. त्यांनी वाटी पुढे केली, नाव सांगितलं. ओठ हलले. ऐकू काही आलं नाही. जिभेवर ठेवलं तर वाळू.
हा बारातलाच शब्द होता. एवढं मला कळतं.

२१ नोव्हेंबर
आठ उरले. समुद्र दिसायचा ते भिंतीतलं— गज असलेलं— काय म्हणतात त्याला? आता तिथे नुसती भिंत दिसते. हात लावते तर वारा लागतो.
सकाळपासून आबांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घशात दोष नाही. विमलाताई रडत सांगत होत्या, ज्याने गाऱ्हाणं घातलं त्यानेच ते तोंडाने सोडवावं लागतं. आता आबा सोडवणार कसे?

२४ नोव्हेंबर
कळलं. कोणाच्याच हाताला लागू देऊ नको, असं सांगितलं होतं. कोणाच्याच. त्यात माझाही हात आला. राखणदार प्रामाणिक आहे, हेच वाईट.
भरदुपारी दगडापुढे जाऊन हात जोडले. माझं मला दे म्हटलं. तिथून निघाले तेव्हा पाच उरले होते.

२६ नोव्हेंबर
रियाच्या फीची मुदत शुक्रवारी संपते. सगळं सांगितलं तिला. पैसे गेले तर गेले, मी येते, म्हणाली. दोन शब्द आहेत अजून. पुटपुटत नाही. मनातसुद्धा म्हणत नाही. फार थकले आहे, पण हे दोन—

२७ नोव्हेंबर
एक. तो नको नेऊस. पैसे ठेव. सगळे ठेव. एवढा एक—

२८ नोव्हेंबर
अंगणात रिया. ओळखते मी तिला. बॅग टाकून धावत आली. माझे खांदे धरून बोलते आहे, सगळं ऐकू येतं, मधला एक शब्द सोडून. तोच पुन्हा पुन्हा. मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारते आहे— मागे कोणी नाही. विमलाताई माझ्याकडे बोट दाखवून रडतात. वही पुढे केली, म्हटलं इथे लिही. तिने लिहिलं. पान कोरं.
रडू नको रिया. मी आहे ना. मी तुझी